बिनकुलपाचा लॅपटॉप

सृष्टीने टेबलावरचा चौथा लॅपटॉप मिटला, उलटा केला आणि पाठीवरचे स्क्रू मोजले. आठ. आठही साध्या फुलीच्या खाचेचे, म्हणजे घरच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडणारे. तिने तेवढं मोबाइलवर टिपून घेतलं आणि लॅपटॉप पुन्हा सुलटा केला.

“ताई, उलटा नका करू,” काउंटरमागचा आवेज म्हणाला. “डेमो पीस आहे.”

“उलटा केल्याशिवाय कळणार कसं, आतली मेमरी वाढवता येते की नाही?”

“ते सगळं इथं कार्डावर लिहिलंय ना.”

“कार्डावर ‘जबरदस्त’ लिहिलंय.”

आवेज हसला. टेबलावर एकूण अकरा लॅपटॉप होते. सात चालू, दोन चार्जरवाचून मेलेले, आणि दोनांच्या पडद्यावर कंपनीची तीच ती जाहिरात फिरत होती. चारांच्या कीबोर्डखाली रंगीत दिवे. तिला हवी तेवढी मेमरी पाचांत होती. त्या पाचांतल्या तिनांच्या पडद्यावर दुकानाची ट्यूबलाइट जशीच्या तशी दिसत होती, दिवसभर त्यात बघून डोळे फुटले असते. उरले दोन. एक हा काळा, बिनदिव्यांचा, कुणा सरकारी ऑफिसात शोभेल असा. दुसरा टेबलाच्या टोकाचा, जाड, लाल दिव्यांचा.

लाल दिव्यांच्या लॅपटॉपसमोर तिचा थोरला भाऊ अंगद उभा होता. दुकानात शिरल्यापासून तो तिथून हलला नव्हता. अण्णा, म्हणजे तिचे वडील सहादेव, दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. दुकान नगरला सावेडीत, आणि हे तिघं अंगदच्या टेम्पोतून आले होते. टेम्पोत मागे तेलाचे डबे भरलेले होते. शिंगणापुरात त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं आणि अंगदला तसंही नगरला यायचंच होतं. सृष्टीला हे ‘तसंही’ घरातून निघाल्यापासून खुपत होतं.

“दादा, तुमाला गेमिंगचा पाहिजे का ऑफिस टाइप?” आवेजने अंगदला विचारलं.

“मला हवाय,” सृष्टी म्हणाली.

“हां, हां, ताईंसाठीच. कॉलेजला का?”

“नोकरीला.”

“अरे वा,” आवेज म्हणाला, आणि पुन्हा अंगदकडे वळला. “दादा, मग बजेट काय धरायचं?”

सृष्टीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. पुण्याच्या एका कंपनीत तिला प्रोग्रॅमरची नोकरी लागली होती, एक तारखेपासून. काम घरून करायचं, लॅपटॉप आपला आणायचा. सोनईच्या क्लासमध्ये दोन वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवून तिने त्याची तजवीज केली होती. तेव्हा कुणी काय विचारावं आणि कुणाला विचारावं, याबद्दल तिचं मत पक्कं होतं. पण वाद घालायची ही जागा नव्हती. मोजण्याची होती.

“यात माझा एक प्रोग्रॅम आहे. दोन्ही लॅपटॉपवर चालवून बघायचाय.”

“पेनड्राइव्ह चालत नाही, ताई. व्हायरस येतो.”

“आला तर मी काढून देते.”

आवेजने अंगदकडे बघितलं. अंगदने खांदे उडवले. “करू द्या तिला. लई किडा हाय तिच्यात.”

तिच्या कामात एक गोष्ट दिवसातून शंभरदा होते. लिहिलेला कोड मशीनला कळेल अशा रूपात तयार होईपर्यंत हात बांधून बसायचं. ती बसण्याची वेळ किती, यावर सगळा दिवस ठरतो. तिने लाल लॅपटॉपवर तेच काम तीनदा करून बघितलं. पहिल्यांदा अठ्ठेचाळीस सेकंद. दुसऱ्यांदा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावला आणि साठ. तिसऱ्यांदा कीबोर्डवर हात ठेववेना, आणि एकाहत्तर. काळ्याला पंचावन्न लागले, मग पंचावन्न, मग छप्पन्न. हात ठेवला तर कोमट, बस.

“हा,” तिने काळ्यावर बोट ठेवलं.

“पयला त्यो फास्ट हुता की,” अंगद म्हणाला. “मी बघितलं. अठ्ठेचाळीस.”

“पहिल्यांदा. पुढे दमला.”

“दिवे बी न्हाईत ह्याला.”

“मला उजेडात काम करायचंय, दादा. मिरवणुकीत नाही.”

आवेजला आता गिऱ्हाईक कोण ते उमगलं असावं. तो टेबलाला वळसा घालून काळ्या लॅपटॉपपाशी आला, सृष्टीच्या बाजूला उभा राहिला आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनाकडे त्याने बोट केलं. “चॉइस चांगला आहे ताई. आणि हे बघा, बोटाचं लॉक. तुमचं बोट लागल्याशिवाय उघडणारच नाही. घरात कुणी हात लावू शकत नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उठून टेबलापाशी आले. 

“लॉकचा नको,” ते म्हणाले.

“काय, काका?”

“बिनलॉकचा दाखवा.”

आवेज हसला. दुसरं कुणी हसत नाही हे बघून थांबला. “काका, बिनलॉकचा लॅपटॉपच येत नाही. बोटाचं नसलं तर पासवर्डचं असतं. लावायचं की नाही ते आपल्या हातात.”

“मग काढून द्या ते.”

“कुठले तुमी?”

“शिंगणापूर.”

“अच्छा, अच्छा,” आवेजचा सूर एकदम मऊ झाला. “मग बरोबर आहे तुमचं. पण काका, हे कुलूप नाही. हे सॉफ्टवेअर आहे.”

“उघडनाऱ्याला आडवतं का न्हाई?”

“आडवतं.”

“मग कुलूपच की.”

व्याख्या म्हणून त्यात खोट काढता येत नव्हती, आणि त्याचाच सृष्टीला जास्त राग आला. तिने आवाज खाली ठेवला. “अण्णा, कंपनीची अट आहे. पासवर्ड हवा, आणि तो माझ्याशिवाय कुणाला माहीत नको. पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर तपासणार आहेत. नसला तर नोकरी नाही. मी घरात सांगितलं होतं सगळ्यांना.”

“पासवर्ड म्हंजी नाव असंल काय तरी, असं वाटलं मला. त्यो लॉक असतोय हे न्हाई सांगितलंस.”

“कंपनीला सांग ना आपल्या गावाचं,” अंगद म्हणाला. “जगाला म्हाईत हाय. लांबलांबनं लोक बघाया येत्यात, घरांना दारं न्हाईत म्हनून. त्यास्नी कळंल.”

“त्यांना काय कळायचंय? तिथं लोकांची खाती आहेत, त्यांची नावं, पत्ते. ते मी उघडं टाकायचं का?”

“आपल्याकडं कोन चोरतंय?”

“तू.”

 आवेजने एक फडकं घेतलं आणि मघाशीच पुसलेला पडदा पुन्हा पुसायला लागला.

अंगदला ते लागलं नाही, किंवा लागल्याचं त्याने दाखवलं नाही. “आता चोरलं म्हन. घरात आलेली वस्तू घराची आसती. मला पूजेचे व्हिडिओ कापाया लागनार, बुकिंग बघाया लागनार. दर टायमाला तुझं बोट शोधत हिंडू का मी?” आणि कुठल्या तरी भाविकाने पाठवलेला नमुन्याचा व्हिडिओ दाखवायला त्याने खिशातून मोबाइल काढला. अंगठा टेकवला. मोबाइल उघडला.

सृष्टी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. “हे काय आहे?”

“काय?”

“आत्ता अंगठा लावलास ते.”

“फोनचं येगळं. फोन खिशात आसतो. घरात आसतो का?”

तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते. त्यांनी अंगदच्या मोबाइलकडे बघितलं नाही, सृष्टीकडेही नाही.

“घरात कुलूप येनार न्हाई,” ते म्हणाले. “घरात न्हाई. बास.”

आणि ते दुकानाच्या पायऱ्या उतरून टेम्पोकडे गेले.

परतीच्या वाटेवर तिघं पुढच्या सीटवर दाटीने बसले होते, अण्णा मध्ये. मागे तेलाचे डबे प्रत्येक खड्ड्याला एकमेकांवर आपटत होते.  पांढरीच्या पुलापाशी अंगदने एकदा म्हणून बघितलं, “लाल दिव्याचाच घिऊ. पुढल्या टायमाला भाव बी पाडंल त्यो.” सृष्टीने खिडकीची काच खाली केली. वाऱ्याने त्याचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही, आणि तिला तेच हवं होतं.

तिचा पहिला लॅपटॉप तिला आठवत होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला घेतलेला, कुणीतरी वापरलेला, बिजागरी सैल. तो दिवाणखान्यात टेबलावर असे, कारण वस्तू ठेवायची दुसरी जागाच घरात नव्हती. अंगद त्यावर दर्शनाच्या रांगेचे व्हिडिओ जोडायचा, चुलत्यांची पोरं गाड्या पळवायची. प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी तिने फोल्डर उघडायला घेतला तर फोल्डर नव्हता. अंगद समोर जेवत होता. “त्यो व्हय? लई जागा खात हुता. मी काढला,” तो म्हणाला, आणि त्याने भाकरी कालवणात बुडवली. कॉलेजकडून मुदत मागून घेऊन तिने सहा महिन्यांचं काम बारा दिवसांत पुन्हा लिहिलं. चोरी झालीच नव्हती. गावात चोरी होतच नाही.

घरी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. पुढच्या चौकटीवर नवा पडदा होता, कडेला किनार लावलेला. आई मुक्ताबाई त्या चौकटीतच मेथीची जुडी घेऊन बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओलांडून जावं लागेल अशी. अण्णा ओलांडून आत गेले. अंगदने टेम्पो दुकानाकडे नेला. सृष्टी आईसमोर खाली बसली आणि तिने जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढली.

“न्हाई घेतला?” आईने विचारलं.

“बिनलॉकचा मिळत नाही.”

 सृष्टी पानं खुडत राहिली, आणि खुडता खुडता तिने सगळं सांगून टाकलं. आवेजने दाखवलेलं बोटाचं लॉक, अण्णांची व्याख्या, दादाचा अंगठा. आवाज चढत गेला. “त्याच्या फोनला कुलूप चालतं. चुलत्यांच्या फोनला चालतं. मला नोकरी लागली तेव्हा देवाला राग येतो. तुम्ही सगळे उंबऱ्यापाशी बसून देवाला काय राखण करायला लावता, आणि आत एकमेकांचं काय ओरबाडता, ते देवाला दिसत नाही का?”

“पानं टाकतीयास आन् काड्या ठिवतीयास,” आई म्हणाली.

सृष्टीने खाली बघितलं. खरंच. तिच्यासमोर काड्यांचा ढीग होता आणि पानं मातीत पडली होती. तिने हात आवरला.

आईने पानं एकेक उचलली, फुंकर मारून ताटात टाकली. ताट भरलं तशी म्हणाली, “सकाळी गाडी काढ. छबीकडं जाऊन येऊ.”

“कशाला?”

“चल म्हनल्यावर चलावं.”

छबूबाई आईची धाकटी बहीण. घोडेगावात हायवेपासून आत तिचं घर होतं, तीन खोल्यांचं, पत्र्याचं, आणि त्याला लोखंडी दार होतं. सृष्टी लहानपणापासून इथे येत होती. लहान असताना ती हे दार उगाचच उघडायची आणि लावायची, कडीचा आवाज ऐकायला. मावशी तेव्हा हसायची, “शिंगनापूरची पावनी आली बघा, दार खेळाया.”

आज मावशीने चहा टाकला आणि आईकडे एकदा नुसतं बघितलं. “आज मधीच?”

“हिला दाखवायची हाय.”

“दाखीव मग,” मावशी म्हणाली. “म्हनत हुते मी, पोरगी शिकली आता, तिला कळू दे. पर तू आयकशील तर.”

मागच्या खोलीत एक कॉट होती. आईने गुडघे टेकले, कॉटखाली हात घातला आणि हिरवा रंग उडालेली लोखंडी पेटी बाहेर ओढली. पेटीला पितळी कुलूप होतं, वापरून गुळगुळीत झालेलं. आईने कमरेची चंची सोडली. त्या चंचीत सुपारी, चुना, अडकित्ता असतो एवढंच सृष्टीला माहीत होतं. सुपारीखालून किल्ली निघाली.

सृष्टी उभीच होती. “ही तुझी?”

“व्हय.”

“कधीपासनं?”

“तुझ्या आदीपासनं.” आईने किल्ली फिरवली, पण झाकण उघडलं नाही. त्यावर तळवा ठेवून बसून राहिली. “माझ्या माहेरची बोरमाळ हुती. आयनं गळ्यातली काढून दिल्याली. फडताळात पडलेली आसायची, आपल्यात कुटं कुलूप. तुझ्या आत्याचं लगीन ठरलं, तवा सासूबाईंनी ती उचलली आन् तिच्या गळ्यात घातली. माझ्यासमूर. मी भाकरी थापत हुते. मला इचारलं न्हाई. इचारायचं काय, वस्तू उघड्यावर हुती. परक्यानं नेली आसती तर गाव धावून आलं आसतं. घरातल्यानं नेल्याला चोरी म्हनत न्हाईत.”

“मग तू काय केलंस?”

“चुलीत पानी वतलं. सगळं लगीनघर बिनभाकरीचं राहिलं त्या दिवशी.” आईचा आवाज सरळ होता. हात मात्र पेटीच्या झाकणावर दाबलेला होता. इतक्या वर्षांत तो राग शिळा झाला नव्हता. “तिसऱ्या दिवशी छबीकडं आले आन् ही पेटी घेतली.”

“घेतली पेटी,” दारातून मावशी म्हणाली. “कुलूप न्हाई घेतलं. कुलूप भावजींनी आनलं.”

“कुणी?”

“तुझ्या बापानं,” आई म्हणाली. “नगरनं. कागदात गुंडाळून छबीच्या हातात दिलं आन् चहा बी न पिता गेले. माझ्याशी त्यावर एक शबूद बोलले न्हाईत, आजपतूर.”

सृष्टी कॉटच्या कडेवर बसली. बाहेर हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला, त्याने पत्रा थरथरला. तिला वाटलं होतं हे ऐकून आपला राग उतरेल. तो उतरला नाही. काल तो एका जागी होता, आता दोन जागी झाला होता.

“म्हणजे सगळ्यांना कुलूप हवंय,” ती म्हणाली. “आणि मला काल दुकानात सगळ्यांसमोर—”

“सगळ्यास्नी न्हाई. ज्याचं गेलं त्याला.” आईने झाकण उचललं. पेटीच्या एका अंगाला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते काय ते तिने सांगितलं नाही आणि सृष्टीने विचारलं नाही. आईने ते गाठोडं उचललं, पेटीच्या बाहेर कॉटवर ठेवलं. मग उरलेल्या दोन लुगड्यांची घडी एका कडेला सारली. पेटीत आता भरपूर जागा झाली होती.

“हितं बसून काम कर. छबीची ही खोली दिसभर मोकळीच आसती. संध्याकाळी पेटीत ठिव आन् घरी ये. शिंगनापूरची शीव तिकडं वढ्यापाशी संपली.”

“वायफाय बी घेतलंय पोरानं,” मावशी म्हणाली. “रातभर उगा जळतंय ते.”

“आणि हे?” सृष्टीने गाठोड्याकडे बघितलं.

“छबी बघंल ते.”

“कोनत्या फडताळात, ते फकस्त मला आन् तुला म्हाईत,” मावशी आईला म्हणाली, आणि दोघी बहिणी अशा हसल्या की सृष्टीला आपण तिथे परके आहोत असं वाटलं.

घरी परतल्यावर ती अण्णांच्या दुकानाकडे फिरकली नाही. दुपारी आईने अण्णांचा डबा तिच्या हातात दिला. न्यायला दुसरं कुणी नव्हतं, किंवा असूनही आईने तिलाच दिला. सकाळची गर्दी ओसरली होती. अण्णा गल्ल्यामागे बसून रुईच्या पानांची माळ ओवत होते, एक पान सरळ, एक उलटं. अंगद बाहेर रस्त्यावर एका गाडीवाल्याला तेलाची बाटली आणि नारळ कसे वाहायचे ते सांगत होता.

सृष्टीने डबा गल्ल्यावर ठेवला. जोरात. आतल्या वाटीचा आवाज झाला.

“घोडेगावला गेल्ता,” अण्णा म्हणाले. प्रश्न नव्हता.

“हो.”

सुई एका पानातून गेली, दुसऱ्यातून गेली.

“काल मला बोलायला लावलंस,” ते म्हणाले. “त्या पोरानं लॉक म्हनून समूर काढलं, माझ्यादेखत. समूर आल्यावर मला न्हाई म्हनावंच लागतं. तू उगं ऱ्हायली आसतीस तर काय झालं नसतं.”

“मी उगं राहायचं. आई पंचवीस वर्षं उगी राहिली. दादा अंगठा लावतो, त्याला कुणी काढायला लावत नाही. उगं कोण कोण राहायचं, ते तरी एकदा ठरवून सांगा, अण्णा.”

अण्णांनी ओवलेली पानं दोऱ्यावर खाली सरकवली. बाहेर अंगदचा आवाज आला, “घाबरू नका सायेब, गाडी उघडी राहिली तरी चालती हितं.”

“मी कंपनीला खोटं सांगणार नाही,” सृष्टी म्हणाली. “आणि लॅपटॉप उघडा ठेवणार नाही. त्यासाठी रोज घोडेगावला जावं लागलं तर जाईन. पण हे मला पटलंय, असं समजू नका.”

“न्हाई समजत.”

ती वळली. दोन पावलं गेली असेल.

“मावंल का?” अण्णांनी विचारलं.

“कशात?”

“पेटीत.” त्यांनी वर बघितलं नाही. “जुनी हाय ती. रुंदीला बारकी हाय. आदी मापून बघ, मग घी.”

सृष्टी तिथेच उभी राहिली. गिरणीसारखा पंखा, तीनदा घेतलेल्या वेळा, आठ स्क्रू, पडद्यावरची ट्यूबलाइट. सगळं तिने तपासलं होतं. हे तपासलं नव्हतं.  गल्ल्याच्या खणात कापड मोजायची टेप असते, ती तिने हात घालून काढली, गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. डब्याचं झाकण उघडायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून एकटी निघाली. घोडेगावला थांबून कॉटखालची पेटी ओढली, आतून आडवी टेप लावली. पत्र्याची कड आत वळलेली होती, म्हणून कडेपासून कडेपर्यंत पुन्हा एकदा मापलं. मावशी चहाचं विचारेपर्यंत ती बाहेर पडलीही होती.

नगरच्या दुकानात टेबलावर आज दहा लॅपटॉप होते. आवेजने तिला बघितलं आणि तिच्या मागे दाराकडे नजर टाकली.

“आज एकट्याच, ताई?”

“हो.”

“काका रागावले तर नाहीत ना? मी उगीच बोललो लॉकचं.”

“ते रागावले नाहीत. मी रागावले.”

“कुणावर?”

तिने पर्समधून टेप काढली. लाल दिव्यांच्या जाड लॅपटॉपवर आडवी ठेवली.

“ताई, लोक रॅम बघतात, प्रोसेसर बघतात,” आवेज म्हणाला. “टेप लावणाऱ्या तुमी पहिल्या.”

लाल छत्तीस सेंटिमीटर भरला. ती काळ्याकडे सरकली. तो मिटून घेतला, बिजागरीची बाजू आपल्याकडे केली, टेपचं टोक नखाने कडेला दाबून धरलं आणि दुसरं टोक ताणलं. आवेजने न सांगता दुसरं टोक धरलं. दोघांनी वाकून आकडा बघितला.

पेटी कडेपासून कडेपर्यंत तेहेतीस सेंटिमीटर होती. काळा लॅपटॉप बत्तीस पूर्णांक चार भरला.